दहा तारे

जन्मभर तांबड्या शाईची लेखणी हाती वागविलेल्या मनुष्यास सेवानिवृत्तीनंतरही एक खोड सोडीत नाही. समोर येईल त्या वस्तूस तो गुण देत सुटतो. मंडळींच्या हातची आमटी, देवळातील बुवांचे निरूपण, शेजाऱ्याच्या घराचा नवा रंग, ह्या साऱ्यांस मी मनातल्या मनात गुण देऊन मोकळा होत असे. ही खोड निरुपद्रवी आहे अशी माझी समजूत होती. गेल्या उन्हाळ्यात एका अमेरिकन ध्वनिमुद्रिकेच्या निमित्ताने ती समजूत पार ढासळली. विषय ह्या मासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनी परका वाटेल. तथापि शेवटपर्यंत वाचल्यास तो तितकासा परका नाही असे त्यांच्याही प्रत्ययास येईल, अशी उमेद आहे.

माझा नातू पुण्यास शिकतो व सुटीत आमच्याकडे येतो. मुलगा गुणी आहे, परंतु त्याच्या कानांत अष्टौप्रहर इअरफोन असतात आणि दोनदा हाक मारल्याखेरीज त्याची 'ओ' येत नाही. मे महिन्यातील एका रात्री वीज गेली, पंखे थांबले, तेव्हा आम्ही दोघे ओसरीवर येऊन बसलो. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आजोबा, एक गंमत ऐकता?" आणि त्याने ते इअरफोन माझ्या कानांत घातले.

प्रथम दोन गिटारी संथपणे, एकमेकींस वाट देत वाजत होत्या. मग एक तरुण बोलू लागला. होय, बोलू लागला, गाऊ नव्हे. आगगाडीत शेजारच्या उतारूस आपली हकीकत सांगावी तसा तो हलक्या आवाजात काही सांगत होता. मी सुराची वाट पाहत होतो. इतक्यात एकाएकी असा गदारोळ उसळला की मी दचकून कान मोकळे केले.

"गाणे सुरू केव्हा होणार?" मी विचारले.

"आजोबा, हेच गाणे."

"मग ह्याला दहापैकी दोन गुण, आणि तेही उपस्थितीबद्दल."

तो हसला. म्हणाला, "तुम्ही दोनच मिनिटे ऐकलेत. १९९१ साली एका माणसाने ह्याच मुद्रिकेला दहा तारे दिले होते, आणि तेव्हा हिला कोणी कुत्रे विचारीत नव्हते."

वीज आली, आम्ही निजावयास गेलो. परंतु ते दहा तारे माझ्या डोक्यातून जाईनात. परीक्षकास दुसऱ्या परीक्षकाने दिलेले गुण खुपतात, हा आमच्या धंद्यातील नियमच आहे. म्हणून पुढील आठ-पंधरा दिवस मी त्या प्रकरणाचा पिच्छा पुरविला. जी माहिती मिळाली ती थोडक्यात येणेप्रमाणे.

अमेरिकेत मोठ्या कंपन्यांच्या भांडवलावर न विसंबता लहान, स्वतंत्र प्रकाशकांमार्फत आपल्या मुद्रिका काढणारे जे संगीत, त्यास 'इंडी' म्हणजे स्वतंत्र अशी संज्ञा आहे. केंटकी संस्थानातील लुईव्हिल ह्या ओहायो नदीकाठच्या शहरी १९८६ च्या सुमारास काही मुलांनी 'स्लिंट' नावाचा असा एक संघ काढिला. ब्रायन मॅक्महॅन, डेव्हिड पाहो, ब्रिट वॉल्फर्ड व टॉड ब्राशियर ही ह्या दुसऱ्या मुद्रिकेच्या वेळची चौकडी. वयाने सारे विशीच्या आसपासचे. म्हणजे माझ्या नातवाएवढे. ऑगस्ट १९९० मध्ये शिकागो येथे चार दिवसांत त्यांनी सहा गीते मुद्रित केली. सहा गीते मिळून सुमारे चाळीस मिनिटांचा ऐवज. शिकागोच्याच 'टच अँड गो' ह्या लहानशा प्रकाशनसंस्थेने मार्च १९९१ मध्ये 'स्पायडरलँड' ह्या नावाने ती मुद्रिका बाहेर काढिली. वेष्टनावर एका जुन्या खाणीच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेल्या चौघांचे कृष्णधवल छायाचित्र आहे. मागील बाजूस, गाण्याची इच्छा असणाऱ्या स्त्रियांनी पत्र पाठवावे अशी विनंती छापिली आहे.

ह्या विनंतीचे मला हसू आले आणि वाईटही वाटले. कारण मुद्रिका लोकांच्या हाती पडण्यापूर्वीच हा संघ मोडला होता. पत्रे येऊन उपयोग काय? गावोगाव हिंडून आपली गीते लोकांस ऐकविणे हा तिकडे मुद्रिका खपविण्याचा राजमार्ग. त्या मार्गाने जावयास कोणी उरलेच नव्हते. मायदेशी तिचा गवगवा झाला नाही. चार मुले आपापल्या वाटेने गेली, आणि त्यांची चाळीस मिनिटे दुकानांच्या फळ्यांवर राहिली.

अशा वेळी लंडनच्या 'मेलडी मेकर' ह्या संगीतविषयक साप्ताहिकात तिचे एक परीक्षण आले. परीक्षण लिहिणारा स्टीव्ह अल्बिनी हा स्वतः वादक व ध्वनिमुद्रणाच्या कामातील जाणकार होता. ह्या गीतांचा साधेपणा, त्यांतील शांत भाग आणि त्यांची विलक्षण रचना ह्यांची त्याने मन:पूर्वक वाखाणणी केली. आणखी दहा वर्षांनी ही मुद्रिका एक मैलाचा दगड ठरेल व तेव्हा ती मिळविण्यासाठी तुमची धावपळ होईल, तरी आताच घेऊन ठेवा, अशा आशयाचा सल्लाही त्याने वाचकांस दिला. शेवटी दहा तारे दिले. त्या ताऱ्यांच्या अगोदर त्याने एक विशेषण लाविले आहे, ते कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या मासिकात छापण्याजोगे नाही. परंतु त्यावरून त्याच्या मनाचा उमाळा कळतो.

त्याचे भाकीत खरे ठरले. मुद्रिका एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ लागली. १९९५ साली 'किड्स' नावाच्या चित्रपटात तिच्यातील अखेरचे गीत वापरले गेले. पुढे 'पोस्ट-रॉक' ह्या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या संगीताचे एक उगमस्थान म्हणून जाणकार तिच्याकडे बोट दाखवू लागले. स्कॉटलंडातील 'मोग्वाय'सारख्या संघांवर तिची छाया स्पष्ट दिसते. २००५ साली तो मोडलेला संघ पुन्हा एकत्र आला. २००७ मध्ये शिकागोच्याच एका संगीतमहोत्सवात त्यांनी ही संपूर्ण मुद्रिका प्रचंड समुदायापुढे वाजविली. २०१४ साली तिची नवी सुशोभित आवृत्ती निघाली, लान्स बँग्ज ह्या दिग्दर्शकाने त्या मुलांवर केलेला माहितीपट प्रसिद्ध झाला, आणि 'पिचफोर्क' ह्या अमेरिकन परीक्षणपत्राने ह्या नव्या आवृत्तीस दहापैकी दहा गुण दिले. हे पत्र एक दशांशापर्यंत सूक्ष्म गुण देते, हे कळल्यावर मला त्याच्याविषयी व्यवसायबंधुत्व वाटू लागले.

आता १९९१ चे दहा आणि २०१४ चे दहा ह्यांची परीक्षकाच्या नजरेने तुलना करून पाहा. आकडा तोच, परंतु किंमत एक नव्हे. २०१४ साली दहा देणाऱ्यापाशी तेवीस वर्षांची साक्ष होती. ज्या विद्यार्थ्याचे नाव शाळेच्या फलकावर सोनेरी अक्षरांनी लागले आहे, त्याच्या जुन्या उत्तरपत्रिकेस पैकीच्या पैकी गुण देण्यास धैर्य लागत नाही. उलट एक गुण कापण्यासच ते लागेल. १९९१ साली दहा देणाऱ्यापाशी मात्र स्वतःच्या दोन कानांखेरीज साक्षीदार नव्हता. भाकीत खोटे ठरते तर हसे त्याचे झाले असते.

आम्ही संस्कृत शिकलेल्या लोकांस हा प्रश्न वास्तविक नवा नाही. 'मालविकाग्निमित्रा'च्या प्रस्तावनेत भास-सौमिल्लांसारखे नावाजलेले कवी सोडून हयात कालिदासाचे नाटक का करावे, अशी शंका निघते व सूत्रधारास नव्या कृतीची बाजू मांडावी लागते. कालिदास जेव्हा नवा होता तेव्हा त्यालाही वकील लागला! आणि भवभूतीने 'मालतीमाधवा'च्या आरंभी आपल्या समानधर्म्याची वाट पाहण्याची तयारी दाखविली आहे, ती तर सर्वांस ठाऊक आहेच. हे दोन्ही प्रसंग मी मुलांस वर्षानुवर्षे मोठ्या आवेशाने सांगितले. पण मी स्वतः त्या सूत्रधाराच्या बाजूचा की शंकेखोरांच्या, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

येथे दोन आक्षेप निघतील आणि ते योग्य आहेत. पहिला असा की, अल्बिनीने ह्याच संघाच्या पहिल्या मुद्रिकेचे ध्वनिमुद्रण केले होते. तेव्हा हा ओळखीच्या मुलांस दिलेला कृपेचा गुण कशावरून नव्हे? परंतु ह्या दुसऱ्या मुद्रिकेचे काम ब्रायन पॉलसन ह्या दुसऱ्याच गृहस्थाने केले; तीत अल्बिनीचा हात नव्हता. शिवाय ओळखीने कान बंद होतात तसे ते उघडतातही. मुलास पूर्वी काय येत होते हे ज्याला ठाऊक, त्यालाच आता त्याला काय येऊ लागले हे कळते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आरंभी उपेक्षा झाली म्हणून प्रत्येक कृती थोर ठरत नाही. नापास झालेला प्रत्येक मुलगा प्रज्ञावंत असता तर माझी शाळा नालंदा झाली असती. 'स्पायडरलँड'च्या मागून हळू बोलून एकाएकी गर्जणारे संघ पुष्कळ निघाले, आणि ती युक्ती पुढे कित्येकांच्या हाती केवळ साचा होऊन बसली. तेव्हा अवघड ते सारे थोर, असा नवा नियम बांधून चालावयाचे नाही. नियम एवढाच निघतो की, निकाल देण्यापूर्वी ऐकिले पाहिजे.

म्हणून मी ऐकावयास बसलो. रोज रात्री जेवणानंतर एक वेळ, असे आठ दिवस. नातवाने गीतांचे शब्द मोठ्या अक्षरांत उतरवून दिले होते. ते वाचल्यावर माझ्या ध्यानी आले की ही गाणी नसून कथा आहेत. पहिलीत एक तरुण जत्रेत ज्योतिषीण बाईकडे भविष्य विचारावयास जातो आणि दोघे मिळून उंच चढणाऱ्या-घसरणाऱ्या पाळण्यात बसतात. तो गदारोळ त्या पाळण्याचा होता. तिसरीत समारंभास गेलेला एक मनुष्य घोळक्यात एकाकी होऊन बाहेर अंधारात जातो. ती सारी कथा जवळजवळ कुजबुजत सांगितली आहे व तीत ढोल मुळीच नाही. ठेके विषम मात्रांचे आहेत. आपल्याकडे रूपक ऐकलेल्यास विषम मात्रांचे नवल नाही. परंतु त्या संगीतात चार मात्रांची चाल इतकी रूढ आहे की तेथे हे पाऊल अडखळल्यासारखे वाटते. ते मुद्दाम अडखळते. कारण सांगणारा अडखळत आहे. आनंदवर्धनाने काव्याचा आत्मा म्हणून जो ध्वनी सांगितला, शब्दांत न येता त्यांच्या मागे वाजत राहणारा अर्थ, तो येथे दोन वाक्यांमधील शांततेत आहे. चौथ्या-पाचव्या रात्री मला ती शांतता ऐकू येऊ लागली.

अखेरचे गीत साडेसात मिनिटांचे आहे. वादळात जहाज फुटून एकटा वाचलेला कप्तान एका घराच्या दाराशी येतो व आत घेण्याची याचना करितो. आत एक मूल आहे. दोघांचे नाते काय, पुढे काय झाले, हे नीट उलगडत नाही. इतका वेळ हळू बोलणारा तो तरुण शेवटी, जिवलगाच्या विरहाचे दोन-चार साधे शब्द, घसा फाटेपर्यंत ओरडतो आणि गीत संपते. सातव्या रात्री हे गीत ऐकत असता मला एकाएकी एका वहीची आठवण झाली, आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

ती वही १९९१ सालचीच. नववीची सहामाही परीक्षा; निबंधाचा विषय 'पावसाळ्यातील एक दिवस'. इतर मुलांनी काळ्याकुट्ट मेघांचे, हिरव्या शालूचे व इंद्रधनुष्याचे वर्णन केले होते. ते मीच शिकविले होते. एका मुलाने मात्र लिहिले होते की, तो व त्याची आई पावसात एस. टी. स्थानकावर बसली होती. वडील शेवटच्या गाडीने यावयाचे होते. शेवटची गाडी किती वाजता येते ते त्याने लिहिले. गाडीतून कोण कोण उतरले ते लिहिले. एका माणसाजवळ कोंबडी होती. मग चालकाने दिवे मालविले. स्थानकावर काय काय उरले ते त्याने ओळीने सांगितले: बाकडे, रिकामी टोपली, गळणारे पत्रे. तेथेच निबंध संपला होता. उपमा एकही नव्हती. मी पंधरापैकी चार गुण दिले आणि समासात तांबड्या शाईने शेरा मारिला: 'विषयास धरून नाही. वाक्ये तुटक. शेवट नाही.'

पृथ्वीच्या एका टोकास एक परीक्षक तुटक बोलणाऱ्या चार मुलांस दहा तारे देत होता; त्याच वर्षी दुसऱ्या टोकास मी बसलो होतो.

तो विद्यार्थी आता पन्नाशीकडे आला आहे. एका कारखान्यात पर्यवेक्षक आहे. काही वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्याने मला वाकून नमस्कार केला होता व माझ्यामुळे शुद्धलेखन सुधारले असे सांगितले होते. तेव्हा मला ती वही आठवली नव्हती. ह्या खेपेस मी त्याचा क्रमांक मिळवून दूरध्वनी केला. प्रकृतीची विचारपूस झाल्यावर भीत भीत निबंधाचा विषय काढिला. मला वाटले होते की तो विसरला असेल.

"आठवतो ना, सर," तो म्हणाला. "तुम्ही लिहिले होते, 'शेवट नाही.' बरोबरच होते तुमचे. वडील त्यानंतर आलेच नाहीत. शेवट कुठून आणणार?"

त्याच्या स्वरात रोष नव्हता. हसतच बोलत होता. मी विचारले, "पुढे कधी काही लिहिलेस का?"

"छे, सर. अर्ज, अहवाल, तेवढेच. निबंध आपले काम नव्हे, हे तेव्हाच कळले." आणि त्याने मला गुडघ्यांसाठी कोणते तेल चांगले ते सांगितले.

मी त्याची क्षमा मागितली. तो संकोचला, "काय सर, तुम्ही पण," म्हणाला, आणि बोलणे तेथेच राहिले.

तेव्हापासून मी ह्या गोष्टीचा विचार करीत आहे. 'स्पायडरलँड'ला १९९१ साली दहा तारे मिळाले नसते तरी ती कदाचित तरली असती. मुद्रिका वाट पाहू शकते. तिच्या हजारो प्रती असतात. एका देशात कोणी विचारले नाही तर दुसऱ्या देशात विचारील, ह्या पिढीने टाकिले तर पुढील पिढी उचलील. भवभूतीचा धीर तिला परवडतो. शाळकरी मुलाच्या वहीस तो परवडत नाही. तिची प्रत एकच, तिचा वाचकही एकच, आणि तो तिला एकदाच वाचतो. चाळीस वह्यांच्या गठ्ठ्यात, दिवा लावून, उद्या गुण भरून द्यावयाचे आहेत अशा घाईत. त्या मुलाच्या बाबतीत तो समानधर्मा होण्याची पाळी माझी होती. माझ्यानंतर दुसरा कोणी यावयाचा नव्हता. रद्दीत गेलेल्या वहीची नवी आवृत्ती निघत नाही.

स्टीव्ह अल्बिनी मे २०२४ मध्ये वयाच्या ६१ व्या वर्षी वारला. त्याने कित्येक प्रसिद्ध मुद्रिकांचे काम केले होते व ते सारे त्याच्या नावावर नमूद आहे. माझ्या लेखी मात्र, कोणी ऐकत नसता बसून ऐकिल्याचे व ऐकिले ते निर्भयपणे लिहिल्याचे पुण्य त्याच्या पदरी सर्वांत मोठे आहे.

आपणांपैकी पुष्कळांच्या घरी बंद दाराआड मुले काही ऐकत, वाजवीत किंवा लिहीत असतील. ते सारे चांगलेच असेल असे मी म्हणत नाही. बहुतेक सामान्य असेल. परंतु आपण त्यांचे पहिले, आणि कदाचित एकटेच, श्रोते आहो. दोन मिनिटांनी कान मोकळे करण्यापूर्वी एवढे ध्यानी असू द्यावे.

सुटी संपवून नातू पुण्यास निघाला तेव्हा त्याने पिशवी खांद्यास लावता लावता विचारले, "मग आजोबा, आता किती गुण?"

मी म्हटले, "पाचवे गीत मला अजून लागलेले नाही. त्यात शब्द नाहीत, तेव्हा दोष माझ्या इंग्रजीचाही म्हणता येत नाही. दिवाळीत येशील तेव्हा पुन्हा एकदा ऐकू."